परिदंतशोथ

परिदंतशोथ : हिरडी आणि दाताला आधार देणारे तंतू व हाड यांचा दीर्घकालिक दाहयुक्त रोग. यास व्यवहारात ‘पायोरिया’ म्हणतात. दातावर बसलेल्या लाळेतील प्रथिनांच्या पातळ थरावर सूक्ष्मजंतू स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात वसाहत करतात. हे जैवपटल होय. त्यातील जंतूंपर्यंत औषधे व शरीराच्या रक्षक कोशिका सहज पोहोचत नाहीत. दात घासणे थांबविल्यास दोन-तीन आठवड्यांत हिरडीशोथ होतो व स्वच्छतेने तो नाहीसा होतो, असे हाराल्ड ल्यो व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये दाखविले. हिरडीतून रक्त येणे हे त्याचे प्रारंभिक लक्षण होय. उपेक्षा झाल्यास हिरडीखाली पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे अनॉक्सिजीवी जंतू वाढू शकतात. पुढील हानी मात्र बव्हंशी शरीराच्याच प्रतिकारातून होते : श्वेत कोशिकांची एंझाइमे तंतू विरघळवितात, हाड झिजविणाऱ्या कोशिका उद्दीपित होतात व दात हलू लागतात. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. मधुमेहात हा रोग बळावतो. उलट, रोगामुळे रक्तशर्करेचे नियंत्रण कठीण होते. महाराष्ट्रात दात घासण्यासाठी वापरली जाणारी मशेरी भाजलेल्या तंबाखूची असल्याने हिरड्यांना अपायकारक ठरते. दंतवैद्याकडून किटण काढून घेणे व रोज दात स्वच्छ करणे हे मुख्य उपाय होत.