सादळलेलं नव्हे, मऊ!

आमच्या घरात बिस्किट मऊ लागलं की एकच उद्गार निघतो : ‘सादळलं!’ मग डब्याच्या झाकणापासून पावसाळी हवेपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. चकली कुरकुरीत हवी, नानकटाई खुसखुशीत हवी. मऊ म्हणजे बिघडलेलं, हे आमचं पिढीजात मत.

या मताला पहिला धक्का बसला तो न्यू जर्सीला, भाचीकडे गेले होते तेव्हा. एका रविवारी ती न्यूयॉर्कहून खोकं घेऊन आली. आत बशीएवढ्या कुकीज. अर्धी बाजू पांढरी, अर्धी काळी. एक घास घेतला आणि सवयीने बोलून गेले, ‘अगं, सादळल्यात या!’ ती हसत सुटली. ‘मावशी, त्या तशाच असतात. नाव कुकी, पण आतून केकच!’

ही ‘ब्लॅक अँड व्हाइट कुकी’ म्हणजे न्यूयॉर्कची जुनी ओळख. मॅनहॅटनच्या यॉर्कव्हिल भागात १९०२ साली सुरू झालेली ग्लेझर्स बेकरी तिच्यासाठी नावाजलेली होती. २०१८ साली ती बंद झाली. त्याच राज्यातल्या युटिका शहरात अशाच कुकीला ‘हाफ मून’ म्हणतात. १९९४ साली ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत नायक ही कुकी हातात धरून काळ्या-गोऱ्यांच्या सलोख्याचा उपदेश करतो, आणि शेवटी तिनेच त्याचं पोट बिघडतं!

पुण्याला परतल्यावर मी ती विसरूनही गेले होते. गेल्या दिवाळीत आठवण झाली ती अप्पांमुळे. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. फराळाचं ताट पुढे आलं. त्यांनी चकली उचलली, तुकडा मोडला आणि हळूच परत ठेवला. ‘तुमचं चालू द्या, मला भूक नाही.’ खरं कारण मला ठाऊक होतं. नवी कवळी टोचत होती. घरभर खमंग वास, आणि अप्पा नुसते चहा घेत बसलेले. ते काही मला बघवेना.

दुसऱ्याच दिवशी ओव्हन पुसून घेतला. भाचीने लिहून दिलेली कृती होतीच. पण पहिला घाणा दगडासारखा झाला! फोन लावला. तिने एकच विचारलं, ‘लाल होईपर्यंत ठेवल्यास ना?’ ठेवल्या होत्या. हात नानकटाईचाच होता ना!

तुम्हाला करायच्या असतील तर प्रमाण सांगते. ७५ ग्रॅम लोणी आणि अर्धा कप साखर हलकं होईपर्यंत फेसा. त्यात १ अंडं आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घाला. सव्वा कप मैदा, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घ्या. मैदा आणि पाव कपाहून थोडं जास्त आंबट, दाट ताक आलटून पालटून मिसळा. फार घोटू नका. नानकटाईत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, तुपाचं मोहन मैद्याला चिकट होऊ देत नाही, म्हणून ती भुगा होऊन विरघळते. इथे ताक आणि अंड्याचा ओलावा असतो. ताकाचा आंबटपणा सोड्याला भेटला की वायूचे बुडबुडे होतात आणि जाळी पडते.

चमच्याने लांब लांब ढीग घालून १७५ अंशांवर साधारण १५ मिनिटं भाजा. कडा जेमतेम सोनेरी झाल्या, मध्यभाग बोटाने दाबल्यावर परत वर आला, की लगेच बाहेर! पूर्ण गार झाल्यावर उलटा, कारण आयसिंग लावायचं ते सपाट, खालच्या बाजूला. दीड कप पिठीसाखर, दोन छोटे चमचे लिंबाचा रस आणि लागेल तसं थेंब थेंब गरम पाणी. अर्ध्या भागात कोको मिसळला की झालं.

दुसरा घाणा जमला. अप्पांनी आधी पांढरी बाजू खाल्ली, मग काळी. मी श्वास रोखून उभी.

‘सादळलंय गं,’ अप्पा म्हणाले, आणि रिकामी बशी पुढे केली. ‘आण अजून एक.’