वर्धा आणि 'द वर्धा'

यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडील सीमा ज्या वर्धा नदीने आखली आहे तिचे नाव इंग्रजीत लिहिताना त्याच्या आधी 'द' हे उपपद आलेच पाहिजे, आणि पलीकडच्या वर्धा शहराचे नाव लिहिताना मात्र ते चुकूनही येता कामा नये, हा नियम या जिल्ह्यातील कित्येक पिढ्यांनी कधी छडीच्या धाकाने तर कधी गुणांच्या आशेने पाठ केलेला आहे. दक्षिणेकडील पैनगंगेलाही तोच न्याय लागू. नदीला हा मान आणि गावाला तो का नाही, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलेच, तर 'साहेबाची रीत' याहून अधिक उत्तर त्याच्या पदरी सहसा पडत नसे.

इंग्रजी भाषा या मुलखात शाळेच्या आधी कचेरीत शिरली. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला, आणि तोवर वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागास 1905 मध्ये यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले. त्या जोडप्रांताच्या 'द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' या नावातच एक धडा दडलेला होता. कारण 'प्रॉव्हिन्सेस' हे मुळात सामान्यनाम असल्याने त्याला उपपदाचा आधार लागे आणि बेरार हे विशेषनाम एकटे आले म्हणजे त्यावाचून उभे राही. पण तहसिलीतील कारकून हे सूत्र म्हणून कधी शिकला नाही. वरून आलेल्या मसुद्यांच्या नकला करता करता त्याचा हात बसला, आणि पटेल-पटवाऱ्यांच्या मराठी कैफियतींचा इंग्रजी गोषवारा तो बिनचूक उतरवू लागला. निश्चित उपपदाची ओळख या मुलखास इंग्रजांनीच प्रथम करून दिली, असेही म्हणवत नाही. 'निजाम-उल्-मुल्क' या किताबातील 'उल्' हे अरबीचे निश्चित उपपदच होय, आणि 'अलबत' किंवा 'बिलकूल' म्हणताना तेच उपपद आपल्याही जिभेवरून नकळत जात असते.

अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा निघाल्या आणि हाताने होणारे हे काम डोक्याने करण्याची वेळ आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या व्याकरणाने महाराष्ट्राची इंग्रजी घडविली, त्यात आमचा जिल्हाही आला. (यांपैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या साहसी कादंबरीमुळे इंग्लंडात ज्यांची ख्याती झाली तेच हे गृहस्थ, व्याकरणाच्या रुक्ष पानांवरून याची कल्पना कोणास येणार नाही.) भाषांतरपद्धतीची पुढे पुष्कळ निंदा झाली आणि तिच्यातील पोपटपंची पाहता ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती, परंतु समोर मराठी वाक्य असल्यामुळे या वाक्यातला बैल कोणता तरी बैल आहे की ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला तोच बैल आहे, हा निवाडा विद्यार्थ्याला स्वतः करावा लागे, आणि उपपदाचे सारे मर्म त्या निवाड्यातच आहे, ही त्या पद्धतीची जमेची बाजू तिच्या निंदकांनी कधी लक्षात घेतली नाही.

मराठीत उपपद नाही, म्हणून मराठी मुलाला ते अवघड जाते, असे जे सरसकट सांगितले जाते ते मला कधीच पटले नाही. 'अंगणात गाय उभी आहे' म्हटले म्हणजे कोणाची तरी गाय आत शिरली आहे, आणि 'गाय अंगणात उभी आहे' म्हटले म्हणजे ती घरचीच, एवढे निरक्षर माणसालाही कळते. हंगामाच्या तोंडावर शेतकरी 'गडी शोधतो आहे' म्हणाला तर त्यास कोणीही कामाचा माणूस चालेल. तोच 'गड्याला शोधतो आहे' म्हणाला तर उचल घेऊन नाहीसा झालेला एक विशिष्ट इसम त्याच्या मनात आहे. आणि फौजदाराचा पंचनामा तर उपपदांचे प्रात्यक्षिकच मानावे: प्रथम 'एक अनोळखी इसम' येतो, दुसऱ्या वाक्यापासून तो 'सदर इसम' होतो, त्याच्याजवळ 'एक गाठोडे' सापडते आणि लगेच 'सदर गाठोडे' उघडले जाते. जो नियम इंग्रजीच्या तासाला डोंगराएवढा भासे, तोच चावडीवर रोज बिनबोभाट पाळला जात होता. दोहोंची सांगड मात्र कोणी घातली नाही. इंग्रजीतील 'ॲन' हे 'एक' या अर्थाच्या जुन्या शब्दापासून निघाले आणि 'द' हे 'तो, ते' अशा दर्शक सर्वनामापासून, हे कळले असते तर सदर आणि एक यांचे नाते विद्यार्थ्यांना आपोआप उमगले असते.

व्यवहाराने दिलेली शिकवण याच्या उलट होती. कापसाच्या हंगामात पेढ्यांवरून मुंबईला तारा जात आणि तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात. साहजिकच 'अ' आणि 'द' यांच्यावर प्रथम कात्री चालून मोजके शब्द उरत, आणि व्यापाऱ्याच्या मुलाला बाप ज्या इंग्रजीवर हजारोंचा सौदा करतो तीच मास्तर चुकीची ठरवितात हे कोडे सुटत नसे. सहकारी संस्थांनी याच्या नेमके विरुद्ध टोक गाठले. त्यांच्या मराठी पाट्यांवरही नावाआधी 'दि' बसला, तो पुढे स्वर आहे की व्यंजन याची विचारपूस न करता. मुंबईच्या 'धी गोवा हिंदू असोसिएशन'ने तर त्याचा 'धी' केला. सभासद बोलताना ते अक्षर गाळतात, पावती फाडताना मात्र ते छापलेले असते.

स्वातंत्र्यानंतर जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, आणि 1966 मध्ये राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. याच सुमारास देशभर वाक्यरचनांच्या सरावावर भर देणारी नवी पद्धती आली, 1958 मध्ये हैदराबादेस सुरू झालेल्या इंग्रजीच्या मध्यवर्ती संस्थेतून तिचे शिक्षण मिळू लागले, आणि वर्गात मराठी बोलणे हा जवळजवळ अपराध ठरला. 'दिस इज अ पेन' हे वाक्य मुले घोकत राहिली, पण तेथे 'द' का नाही हे सांगण्याची सोयच उरली नाही. परीक्षेने उरलेली कसर भरून काढली: 'रिकाम्या जागी योग्य उपपद भरा' या प्रश्नाने उपपद संदर्भातून उपटून एका टिंबांच्या रेघेवर आणून ठेवले. माझ्या मते या एका प्रश्नाने जेवढी हानी केली तेवढी तर्खडकरांच्या साऱ्या धड्यांनी मिळून केली नसेल.

पांढरकवडा, झरी, मारेगाव या भागांतील कोलाम आणि गोंड मुलांना तर घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि इंग्रजी तिसरी. कोलामी ही द्राविड भाषा. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1955 मध्ये तिचे जे व्याकरण प्रसिद्ध केले ते मुख्यतः शेजारच्या वर्ध्याकडील बोलीवर आधारलेले आहे. तिच्यातही इंग्रजीसारखे निश्चित उपपद नाही, पण 'हा' आणि 'तो' दाखविणारे शब्द आहेतच. ग्रामीण वऱ्हाडी मुलाची अडचण निराळी आणि काहीशी मजेची: ज्याच्या तोंडी 'एक' हा शब्द 'येक' होतो तो 'एग'चाही 'येग' करतो, आणि त्यापुढे त्याने 'ॲन'ऐवजी 'अ' लावला तर त्याच्या कानाप्रमाणे तो नियमाला धरूनच असतो. उपपद अक्षर पाहून नव्हे, उच्चार ऐकून ठरते हे त्याला शिकवण्याची गरज नाही. त्याचा उच्चार तेवढा सुधारावा.

2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली आणि तालुक्याच्या गावांतूनही इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. मुले आता न अडखळता बोलू लागली आहेत, याचा आनंद आहे. परंतु त्यांच्या लेखनात 'द' एकतर कोठेच नसतो किंवा सर्वत्र असतो. शिक्षकांस एवढीच विनंती की, पुढच्या सत्रात उपपदांचा पाठ आला म्हणजे फळ्यावर रिकाम्या जागा न काढता एखादा जुना पंचनामा लिहावा, त्यातील 'एक' आणि 'सदर' मुलांकडून अधोरेखित करून घ्यावेत, आणि मगच इंग्रजीचे पुस्तक उघडावे.