दाराची कुरकुर आणि योग्य तेल

कुळगावातील पुष्कळ घरांचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो. नोकरीला जाणारी व्यक्ती अंधारात, पाऊल न वाजविता तयारी करते. पण निघताना दाराची बिजागरी करकरते आणि नुकताच डोळा लागलेले आजोबा जागे होतात. मग कोणीतरी फोडणीच्या तेलाचे दोन थेंब बिजागरीवर सोडते. चार दिवस शांतता लाभते आणि पुढे आवाज परत येतो. अशा वेळी दाराला दोष देण्यापूर्वी तेलाचा विचार करावा.

कोरडे धातू एकमेकांवर घासले की ते क्षणभर धरून राहतात, सुटतात आणि पुन्हा धरतात. या धरसोडीच्या कंपनांतून आवाज निघतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडते. दोन पृष्ठभागांमध्ये वंगणाचा पातळ थर आला की ही धरसोड थांबते. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल मात्र हवेच्या संपर्काने हळूहळू चिकट होते व धूळ धरून ठेवते. त्याच्या वासाने मुंग्या येतात आणि त्या थरात अडकतात, हेही आपल्या मनाला रुचणारे नाही. खोबरेल तर थंडीत गोठते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम बिजागरीचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे. दार खाली झुकले असेल तर तेलाने काही साधत नाही. मऊ कुंचल्याने धूळ व जळमटे हलकेच दूर करावीत, जुना चिकटा फडक्याने पुसावा. मग शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब बिजागरीच्या सांध्यावर सोडून दार दहा-पंधरा वेळा उघडझाप करावे आणि बाहेर आलेले काळे तेल पुसून टाकावे.

प्रत्येक ठिकाणी मात्र तेल चालत नाही. कुलपाच्या छिद्रात तेल गेले की धूळ साचून किल्ली अडते. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड किंवा मऊ पेन्सिलीच्या शिशाची भुकटी वापरावी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची खाच स्वच्छ करून सिलिकॉन स्प्रे मारावा. लोखंडी फाटकाच्या जड बिजागरीला ग्रीस योग्य. काही ग्रीसमध्ये प्राणिज चरबी असू शकते, म्हणून घेताना विचारावे. पुष्कळसे लिथियम ग्रीस एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लाच्या साहाय्याने घट्ट केलेले असते.

पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते आणि दार चौकटीला घासते. घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण फिरवावा. घाईने रंधा मारू नये. लाकूड वाळल्यावर तेथे फट राहते.

आपले गाव उल्हास नदीच्या काठी आहे. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चा पूर अनेकांच्या स्मरणात असेल. पुराचे पाणी ओसरल्यावर कडी-कोयंड्यांत बारीक गाळ उरतो. त्यावर तेल घातले तर गाळ व तेल मिळून धातू झिजविणारा लेप तयार होतो. आधी स्वच्छ पाण्याने धुवावे, कोरडे करावे, उरलेला ओलावा घालविण्यास डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारावा आणि मगच तेल द्यावे. १९५३ साली अमेरिकेत सिद्ध झालेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच पाणी हटविणारे चाळिसावे मिश्रण असा आहे. तो गंज सैल करतो, परंतु पातळ असल्याने दीर्घकाळच्या वंगणाचे काम त्याच्यावर सोपवू नये. विजेच्या बटणांजवळ किंवा पेटत्या गॅसजवळ कोणताही फवारा मारू नये.

या कामाचा आरंभ न्हाणीघराच्या कडीपासून करावा. गंजलेली कडी आतून अडकली तर वृद्धांची आणि लहान मुलांची सुटका कठीण होते. ज्येष्ठ महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, घरातील प्रत्येक कडी एकदा आतून लावून व उघडून पाहावी. जी कडी आजीच्या बोटांना सहज सरकत नाही, तिला त्याच दिवशी तेल द्यावे.