चाक ओरडू लागले तर

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की काय करायचे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नसे. चाक काढायचे, आसाला वंगण चोपडायचे, चाक परत चढवायचे. गाडी मुकाट चालू लागे. आवाज आला की तेल, हे गणित आपल्या हाताला पिढ्यानपिढ्या बसले आहे. दार वाजले, तेल. रहाट वाजला, तेल. पाळणा वाजला तरी तेलच. आता गावोगाव मोटारी आल्या, शाळेच्या मुलांना ने-आण करणाऱ्या गाड्या आल्या. आणि त्यांचे चाक किंचाळू लागले की तोच हात सवयीने तेलाच्या बाटलीकडे जातो. श्रोतेहो, आज मला हा हात थोडा थांबवायचा आहे. मोटारीच्या चाकापाशी एक जागा अशी आहे की तिथे घर्षण हा दोष नव्हे. घर्षण हेच तिचे काम.

घडलेली हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरताना, मी आणि माझे एक शिक्षक मित्र कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडी माझी, लहान आणि बरीच जुनी. पाटण सोडल्यावर एके ठिकाणी रस्त्याच्या डागडुजीसाठी सुटी खडी पसरलेली होती. ती ओलांडून किलोमीटरभर गेलो असू-नसू, तोच पुढच्या बाजूने 'ची-ई-ई' असा आवाज सुरू झाला. दात आंबावेत असा! गाडी हळू केली की आवाज मंदावे, वेग वाढवला की चढे. कोयनानगरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. पुढे कुंभार्लीचा घाट उतरायचा होता.

टपरीवरचे म्हातारबाबा लांबूनच ऐकत होते. म्हणाले, "कवाधरनं बोंबलतीया गाडी तुमची. वाईच एरंडेल सोडा की चाकात, गप व्हईल." आणि खरोखरच त्यांनी आतून बाटली आणली. मित्राने ती हातात घेतलीही. बाबांच्या मनात आमचे बरे व्हावे एवढेच होते. ते तेल सोडले असते तर गाडी गप्प झाली असती, यात शंका नाही. पण त्याबरोबर त्या चाकाचा ब्रेकही गप्प झाला असता, आणि तेही घाटाच्या तोंडाशी. एका बाजूचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्या बाजूचा सुटतो, तेव्हा गाडी ज्या बाजूचा ब्रेक धरतो त्या बाजूला ओढली जाते. घाटात एका अंगाला डोंगर असतो आणि दुसऱ्या अंगाला काय असते, ते सांगायला नको.

हा आवाज मुळात येतो कसा, ते आधी पाहू. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना याचा अनुभव रोजचा आहे. नवा कोरा, लांब खडू फळ्यावर उभा धरून ओढला की तो किंचाळतो आणि सारा वर्ग कानांत बोटे घालतो. खडू फळ्यावरून सरळ घसरत नाही, म्हणून हे होते. तो क्षणभर चिकटतो, मग सुटून पुढे उडी घेतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. असे एका सेकंदात कितीतरी वेळा घडते आणि खडू थरथरू लागतो. ती थरथर म्हणजेच किंचाळी. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हीच क्रिया घडते. तिथे ती गोड लागते एवढेच. आता तोच खडू मधोमध मोडून अर्धा करा आणि आखूड धरा. आवाज बहुधा बंद होतो, निदान बदलतो तरी. फळा तोच, खडू तोच. थरथरणारा भाग आखूड झाला आणि बोटांनी तो घट्ट दाबून धरला, म्हणून फरक पडला. हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवा. मोटारीचा ब्रेक समजायला तो पुरेसा आहे.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांत ओतीव लोखंडाची एक जाड तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने कॅलिपर नावाचा चिमटा आवळला जातो आणि पॅड तबकडीला धरतात. मागच्या चाकांना अजूनही पुष्कळ लहान गाड्यांत ड्रम असतो. तिथे आतले लायनर बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला घासतात. दोन्हींचे तत्त्व एकच: घासून गती मारायची, आणि त्या गतीची उष्णता करून ती हवेत सोडायची.

डिस्कचा ब्रेक आणि किंचाळी यांची सोयरीक फार जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांचे पॅड तांब्याचे होते. लोखंडावर तांबे घासले की असा कर्कश आवाज उठे की ऐकवत नसे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी पॅडला ॲस्बेस्टॉसचे अस्तर दिले आणि तो आवाज पुष्कळ कमी झाला. त्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसाला घातक असते, हे पुढे कळून आले. म्हणून चाक उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या नळीनेही उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची. आमचे कित्येक मिस्त्री आजही फुंकतात. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

आता आमच्या गाडीकडे वळू. काहीही उघडण्याआधी आवाजालाच चार प्रश्न विचारायचे असतात. वैद्य नाडी पाहण्याआधी दुखते कधी, कुठे, कशाने वाढते, हे विचारतो, तसेच.

पहिला प्रश्न असा, की आवाज चाकाचा की इंजिनाचा? गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवला. काही ऐकू आले नाही. उभ्या गाडीत आवाज आला असता तर पुढच्या पट्ट्यावर संशय घेता आला असता. ढिला पट्टा अगदी असाच चीत्कारतो आणि माणसे उगाच चाके काढत बसतात.

दुसरा, चाक कोणते? गाडीत बसून हे कळत नाही, कान फसतो. जवळच एका आवाराची लांब भिंत होती. काचा खाली करून भिंत डावीकडे ठेवून हळू गेलो, मग वळून ती उजवीकडे ठेवून परत आलो. भिंत आवाज परतवते. डाव्या बाजूला भिंत असताना किंचाळी दुप्पट झाली. तेव्हा चाक डावे, पुढचे.

तिसरा, ब्रेक दाबला की काय होते? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून सांगतो. फक्त ब्रेक दाबतानाच आवाज येत असेल तर दोष पॅडचा किंवा लायनरचा धरावा. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना करकरते. तो डिस्कवर धरलेला गंज असतो; तो घासून जातो आणि आवाजही जातो, त्याची काळजी नको. लांब घाट ब्रेकवरच उतरला तर पॅड तापून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मग ते ओरडतातही आणि धरतातही कमी. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगत, ते उगाच नव्हे.

याउलट कधी आवाज सतत येत राहतो आणि ब्रेक दाबल्यावर थांबतो किंवा बदलतो. तेव्हा सावध व्हा. पुष्कळ पॅडांना पोलादाची एक लहान पट्टी मुद्दामच बसवलेली असते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत २-३ मिलिमीटर उरला, की ही पट्टी डिस्कला टेकते आणि शीळ घालू लागते. ही बिघाडाची ओरड नव्हे, ती वर्दी आहे. काही गाड्यांत ही पट्टी ब्रेक दाबल्यावरच वाजते, काहींत एरवीही वाजते. तिकडे दुर्लक्ष केले तर एक दिवस शिळेऐवजी 'खर्रर्र' असा खरवडल्यासारखा आवाज येतो. पॅडचे अस्तर संपून लोखंडावर लोखंड घासू लागले, असा त्याचा अर्थ. त्यानंतर ती गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेण्याचा विचारही करू नका, ओढून न्या.

आमच्या गाडीचा आवाज ब्रेक दाबला तरी तसाच होता. ना वाढला, ना घटला.

चौथा प्रश्न वळणाचा. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. चाकाचे बेअरिंग गेलेले असेल तर अशा वळणावर त्याची घरघर वाढते. उलट वळणावर कमी होते. पण ती घरघरच असते, किंचाळी सहसा नसते. वळताना 'टकटक' असे ऐकू आले तर चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याकडे पाहावे. आमच्याकडे वळणाने काहीच फरक पडला नाही. मग मित्र म्हणाले, "जरा मागे घेऊन पाहा की." मागे घेतली, तर आवाजाचा सूरच बदलला.

एकाएकी सुरू झालेला, खडीनंतर सुरू झालेला, ब्रेकला न जुमानणारा आणि उलट फिरवल्यावर बदलणारा आवाज! झिजेचा आवाज असा एकाएकी येत नाही. काहीतरी अडकलेले असणार.

अर्धा तास चहा पीत काढला, कारण तापलेल्या डिस्कला हात लागला तर कातडी सोलून निघते. मग सपाट जागा पाहून हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, नट थोडे सैल केले आणि मगच जॅक चढवला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालू नये, हे इथेच सांगून ठेवतो. चाक वर-खाली धरून हलवून पाहिले. खडखड नव्हती, म्हणजे बेअरिंग ठीक. चाक काढले. डिस्कच्या मागे चिखल अडवण्यासाठी एक पातळ पत्रा असतो. त्या पत्र्याच्या आणि डिस्कच्या फटीत हरभऱ्याएवढा काळा खडा रुतून बसला होता. डिस्क हाताने उलटी फिरवली, पत्र्यावर पान्याने हलकी टिचकी मारली, खडा खाली पडला. म्हातारबाबा म्हणाले, "आगं बया! यवढ्याशानं यवढा दंगा?"

इथेच चाक चढवून निघालो असतो. पण चाक काढलेच आहे, तर कॅलिपरच्या खिडकीतून मित्राने सहज आत डोकावले. बाहेरचा पॅड निम्म्याच्या वर शिल्लक होता. आतल्या बाजूचा मात्र जेमतेम दोन मिलिमीटर. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून आखडल्या होत्या. त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर पडत होता आणि तो एकटाच झिजत होता. मग त्याची पट्टी का वाजली नाही? कारण आदल्या खेपेला मी चार पैसे वाचवण्यासाठी स्वस्तातले पॅड घातले होते आणि त्यांना ती पट्टीच नव्हती. आणखी एक चूक माझीच. महिन्यापूर्वी ब्रेक-तेलाची पातळी उतरलेली दिसली, तेव्हा मी वर थोडे तेल ओतून मोकळा झालो होतो. पॅड झिजतात तशी ही पातळी हळूहळू उतरते. गळती नसताना ती उतरली, तर आधी पॅड तपासायचे असतात. हे मला पाठ होते, आणि तरी मी ते केले नव्हते.

घाट रद्द केला. नदीकाठच्या रस्त्याने, खालच्या गिअरमध्ये, हळूहळू मागे पाटणला आलो. तिथल्या मिस्त्रीने दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदलले. एकाच बाजूचे कधी बदलू नयेत, नाहीतर ब्रेक एकांगी धरतो. पिना काढून घासल्या, त्यांना उष्णता सोसणारे खास वंगण लावले आणि त्याचा अगदी पातळ हात पॅडच्या पाठीवर, जिथे लोखंड लोखंडाला टेकते तिथे, फिरवला. पाठीवर, बरं का, तोंडावर नव्हे. घट्ट धरलेला अर्धा खडू आठवा. पाठीमागची थरथर दबली की पॅड ओरडत नाही. म्हणजे वंगणाला चाकापाशी जागा आहे, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चुकून पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेल-ग्रीस लागलेच, तर ते पॅड फेकून द्यावे लागतात, कारण अस्तर ते शोषून घेते. डिस्क मात्र ब्रेक धुण्याच्या द्रावणाने साफ होते.

गाडी मिस्त्रीकडे नेताना 'चाक वाजतंय' एवढेच सांगू नका. कधीपासून, कोणत्या बाजूला, ब्रेक दाबल्यावर काय होते, वळताना काय होते, मागे घेताना काय होते, ते एका चिठोऱ्यावर लिहून न्या. शाळेच्या गाडीचा चालक लिहू शकत नसेल तर गुरुजींनी लिहून द्यावे. पाटणच्या मिस्त्रीने आमची चिठ्ठी वाचली आणि आधी खडा पडलेल्या जागेकडे न जाता थेट पिनांना हात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कुंभार्ली उतरलो आणि दुपारच्या जेवणाला चिपळुणात होतो. जाताना टपरीवर थांबलो होतो. बाबांनी आधी गाडी ऐकली आणि मग चहा टाकला.