मुखवटा आणि माणूस

ऑस्ट्रेलियात टीव्हीवरच्या लोकप्रियतेचा सर्वांत मोठा मान म्हणजे ‘गोल्ड लोगी’ पुरस्कार. १९७६ साली तो नॉर्मन गन्स्टनला मिळाला. गंमत अशी, की या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता! गॅरी मॅकडोनल्ड या नटाने रंगवलेलं ते एक पात्र होतं.

मॅकडोनल्ड यांचा जन्म १९४८चा. सिडनीच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत त्यांचं शिक्षण झालं. १९७५मध्ये गन्स्टनचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. चकचकीत निळा कोट, टकलावर आडवे ओढलेले केस, दाढी करताना कापलं म्हणून गालावर चिकटवलेले कागदाचे कपटे, असा हा बावळट मुलाखतकार. परदेशी पाहुण्यांना अनेकदा कळायचंच नाही, की हे सोंग आहे. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं, तेव्हा कॅनबेऱ्यात संसदेच्या पायऱ्यांवर हा गन्स्टन माइक घेऊन हजर!

दुसरा नट असता, तर आयुष्यभर याच सोंगावर जगला असता. मॅकडोनल्ड यांनी १९८४मध्ये अगदी उलट भूमिका घेतली. ‘मदर अँड सन’ या मालिकेत स्मृती हरवत चाललेल्या आईला सांभाळणारा आर्थर त्यांनी केला. आईचं काम रूथ क्रॅकनेल यांचं. विनोदाच्या बहुतेक जागा आईच्या. मुलाने फक्त ऐकायचं, गोंधळायचं, चिडायचं आणि तरी तिला सोडून जायचं नाही. मला हे काम गन्स्टनपेक्षा अवघड वाटतं. समोरच्याला हशा मिळवून देणं, हीसुद्धा एक कला आहे. ही मालिका १९९४पर्यंत चालली.

दरम्यान, १९९३मध्ये गन्स्टनला पुन्हा पडद्यावर आणायचा घाट घातला गेला. थोड्याच भागांत मॅकडोनल्ड मनाने कोसळले आणि कार्यक्रम थांबला. हा चिंतेचा आजार होता. रंगमंचावर जाण्याआधी प्रत्येक नटाच्या छातीत धडधडतं. पहिलं वाक्य बोललं, की ते ओसरतं. या आजारात मात्र पडदा पडला तरी भीती उतरत नाही. टाळ्यांनी आणि पुरस्कारांनीही नाही.

मॅकडोनल्ड यांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. उपचार घेतले, त्याबद्दल जाहीरपणे बोलले आणि नैराश्य व चिंता यांविषयी जागृती करणाऱ्या ‘बियाँड ब्लू’ संस्थेच्या कामात सहभागी झाले. नाटकाकडेही ते परतले. मालिकेत त्यांचा भाऊ झालेल्या हेन्री झेप्स यांच्याबरोबर त्यांनी ‘हाल्पर्न अँड जॉन्सन’ हे दोनपात्री नाटक केलं.

अष्टपैलू नट म्हणजे अनेक मुखवटे लीलया चढवणारा, असं आपण मानतो. मॅकडोनल्ड यांनी वेळ आल्यावर तो उतरवूनही दाखवला. घरात कुणी असं आतल्या आत घाबरत असेल, तर ‘एवढं काय त्यात?’ म्हणण्याआधी त्यांची आठवण ठेवावी.