बंब येण्याआधी आणि बंब आल्यावर

आग लागली की व्यापाऱ्याच्या तोंडी पहिली तक्रार असते ती बंब उशिरा आल्याची. काही वेळा ही तक्रार खरीही असते. पण बंब गल्लीच्या तोंडाशी वेळेवर पोचला आणि हातगाड्या, टेम्पो व ताडपत्र्यांमुळे आत शिरू शकला नाही, असेही आपल्या बाजारांत वारंवार घडते. अग्निशमन दलाचे जवान जागेवर आल्यावर नेमके काय करतात, कोणत्या क्रमाने करतात आणि का करतात, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे काम समजले की आपले काम कोणते तेही समजते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

वर्दी कशी द्यावी

आग दिसताच पहिले काम फोनचे. १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक, ११२ हा सर्व तातडीच्या मदतीचा. बादल्या ओतून पाहू, नाही विझली तर कळवू, या विचारात सर्वांत मोलाची मिनिटे जातात. फोनवर चार गोष्टी सांगाव्यात: पूर्ण पत्ता व जवळची ठळक खूण, कितवा मजला, काय जळते आहे आणि आत कोणी अडकले आहे काय. मग एका माणसाला गल्लीच्या तोंडाशी उभे करावे. आपल्या भागात एकाच नावाच्या दोन-तीन गल्ल्या असतात. वाट दाखवणारा माणूस नसेल तर बंब फिरत राहतो.

बंबातले पाणी किती पुरते

बंबात पाणी संपतच नाही, अशी अनेकांची समजूत असते. साध्या बंबात काही हजार लिटर पाणी असते, आणि पाण्याचा एक पाईप मिनिटाला शेकडो लिटर पाणी फेकतो. तीन-चार पाईप एकदम लावले तर टाकी काही मिनिटांत रिकामी होते. पुढची लढाई टँकरवर आणि इमारतीच्या स्वतःच्या टाकीवर चालते. त्या टाकीच्या झाकणाला कुलूप असेल आणि किल्ली सापडत नसेल, तर जवान काय करणार? शिडीच्या गाडीला उभे राहताना दोन्ही बाजूंना पाय पसरावे लागतात. गाडी गल्लीत शिरली तरी पाय पसरायला जागा नसेल तर शिडी उघडताच येत नाही.

बंद शटर आणि धूर

बंद दुकानातून धूर येताना दिसला की लोक धावत जाऊन शटर वर ढकलतात. हे धोक्याचे आहे. आत हवा संपत आली म्हणून आग दबलेली असते. तापलेले जळाऊ वायू मात्र भरून राहिलेले असतात. शटर उघडताच ताजी हवा आत जाते आणि स्फोटासारखा भडका बाहेर येतो. म्हणून जवान आधी शटर किती तापले आहे ते पाहतात, पाईपमध्ये पाणी भरून तयार ठेवतात आणि मगच शटर कापतात किंवा उघडतात. पाहणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात ती दोन मिनिटे सर्वांचे जीव वाचवण्यासाठी असतात.

आगीत माणूस बहुधा जळण्याआधी धुराने जातो. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. त्यात आपल्या कारखान्यांतला माल कसला? फोम, रेक्झिन, प्लॅस्टिक. फोम जळला की सायनाईडयुक्त विषारी वायू निघतो, पीव्हीसी जळले की आम्लयुक्त धूर निघतो. जवानांच्या पाठीवरच्या नळकांड्यात दाबून भरलेली साधी हवा असते आणि कष्टाच्या कामात ती अर्ध्या तासाच्या आसपासच पुरते. गल्ला, वही किंवा मोबाईल आणायला परत आत गेलेल्या मालकाजवळ तेवढीही नसते.

खरे सांगा

बंबावरचा अधिकारी आल्याबरोबर विचारतो: आत काय आहे? येथे काही मालक गप्प बसतात, कारण परवानगीपेक्षा जास्त सिलिंडर किंवा थिनरचे डबे आत असतात. हे मौन फार महाग पडते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात युद्धाचा दारूगोळा होता आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी भरल्या होत्या. दुपारभर पाणी मारणे चालू असताना जहाजाचे दोन स्फोट झाले. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवावा, हा धडा तेव्हाचाच आहे. चपला-बॅगांच्या कारखान्यातले सोल्यूशन, रंगकामाचे थिनर, अत्तराच्या दुकानातले स्पिरिट यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. असा माल वेगळा, हवेशीर जागी आणि रोजच्या गरजेपुरताच ठेवावा. दंडाची भीती असली तरी आगीच्या वेळी अधिकाऱ्याला सगळे खरे सांगावे. त्याचे जवान आत जाणार आहेत.

इमारत कोसळते तेव्हा

आपले अनेक बाजार लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतींत आहेत. तुळया जळून कमकुवत होतात, त्यात मालाने शोषलेल्या पाण्याचे ओझे वाढते. लोखंडही भरवशाचे नाही. साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीला आग लागली आणि आगीत ती कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी यात शहीद झाले. प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई ही त्यांची नावे. जवान बाहेरूनच पाणी मारतात, अशी टीका करण्याआधी ही नावे आठवावीत.

पोटमाळ्यावर झोपणारे कारागीर

आता सर्वांत गंभीर बाब. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका दुकानाला आग लागली आणि तेथेच झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. दोन वर्षांनी, ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे, दिल्लीच्या अनाज मंडी भागात बॅगा वगैरे बनवणाऱ्या कारखान्यांच्या इमारतीत ४३ जण गेले. तेही झोपेतच होते आणि बहुतेक धुराने गुदमरले. गल्ली अरुंद होती, खिडक्यांना जाळ्या होत्या. बिहार-उत्तर प्रदेशातून पोट भरायला आलेली मुले जशी तेथे होती, तशीच आपल्या धारावीत, कुर्ल्यात, भिवंडीत आहेत.

कारखान्यात झोपवणे बंद करता आले तर उत्तमच. तोवर निदान तीन गोष्टी आजच कराव्यात. रात्री बाहेरून कुलूप लावू नये. खिडकीच्या एका जाळीला आतून उघडणारा दरवाजा करावा. जिन्यात आणि दारात माल रचू नये. चोरीचे नुकसान भरून निघते, गेलेला जीव परत येत नाही.

रस्त्यावरची सुटका

अग्निशमन दलाचे काम इमारतींपुरते नाही. मालाचा टेम्पो उलटून चालक अडकला तरी हेच जवान येतात. ते आधी गाडीला ठोकळे लावून ती हलणार नाही असे करतात, बॅटरीची तार तोडतात, पाण्याचा पाईप तयार ठेवतात. मग यंत्राच्या जबड्याने दार फाकवतात, खांब कापतात. गाडी पेटलेली नसेल तर जखमीला हाताने ओढून काढू नये, मणक्याला कायमची इजा होते. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मदत टाळू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले असून मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

आग विझल्यावर

कापडाची गाठ बाहेरून विझली तरी आतून धुमसत राहते. म्हणून जवान गाठी फोडतात, माल बाहेर फेकतात. चांगला माल का फेकता म्हणून त्यांच्याशी भांडू नये. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबईच्या कटलरी मार्केटमधली आग पूर्ण आटोक्यात यायला चाळीस तासांहून अधिक लागले. पंचनामा होईपर्यंत जागा साफ करू नये, फोटो काढून ठेवावेत. अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्यावा. विम्याच्या दाव्यात तो लागतो. विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावेत. ज्यांनी विमा घेतला आहे त्यांनी मालाची किंमत कमी दाखवू नये. कमी दाखवली तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. वह्यांची एक प्रत दुकानाबाहेर असावी.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने आगीच्या साधनांची जबाबदारी मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यावरही टाकली आहे. कायदा लागू असलेल्या इमारतींत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. भाड्याचा गाळा आहे, मालक बघेल, असे म्हणून सुटता येत नाही. भिंतीवरच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. सहा किलोचा सिलिंडर वीस सेकंदांच्या आसपासच चालतो. तो वापरायला कारागिरांना आधी शिकवले नाही तर ऐन वेळी ती सेकंदे पिन शोधण्यात जातात.

रात्री झोपताना दिवे विझवा, घरात आग जळती ठेवू नका, अशी ताकीद आपल्या रसूलांनी (स.) दिली आहे. आज दिव्याच्या जागी मेन स्विच आहे, शेगडी आहे, चार्जिंगला लावलेली बॅटरी आहे. दुकान वाढवताना हे तीन बंद करणे आणि गल्ली मोकळी ठेवणे यांना एक पैसाही लागत नाही. बाजाराच्या कमिटीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जवळच्या केंद्रावरील जवानांना एकदा प्रात्यक्षिकासाठी बोलवावे, अशी आमची सूचना आहे.