एका मिलिमीटरचा प्रश्न

मलाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरचे विचारतात, ‘गाठ केवढी आहे?’ सर्जनला त्याहून जास्त काळजी असते ती गाठ मलाशयाभोवतीच्या आवरणापासून किती लांब आहे, याची.

एमआरआयमध्ये मलाशयाभोवतीची चरबी उजळ दिसते. तिच्या कडेने पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ जाते. तेच हे आवरण. संत्र्याची फोड पापुद्रा न फाडता सुटी करावी, तसं मलाशय चरबीसकट, आवरण शाबूत ठेवून काढावं, हे इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली दाखवून दिलं. गाठ त्या रेघेपासून १ मिलिमीटरच्या आत पोहोचली असेल, तर सहसा आधी किरणोपचार आणि केमोथेरपी देतात, शस्त्रक्रिया नंतर.

ही रेघ एमआरआय किती अचूक दाखवतो? युरोपातल्या ११ केंद्रांमधल्या ४०८ रुग्णांवरचा ‘मर्क्युरी’ अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ३५४ जणांच्या काढलेल्या भागाची कड खरोखर स्वच्छ, म्हणजे कर्करोगापासून मोकळी, निघाली. त्यांतल्या ३२७ जणांबाबत, म्हणजे ९२ टक्क्यांबाबत, एमआरआयने ते आधीच सांगितलं होतं.

त्यासाठी स्कॅन नीट व्हायला हवा. काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते. तसाच छेद गाठीला तिरका गेला, तर ती आहे त्याहून खोल गेल्यासारखी वाटते. म्हणून छेद गाठीला काटकोनात आणि साधारण ३ मिलिमीटर जाडीचे घेतात.

लसिकाग्रंथींबाबत मात्र एमआरआय चकतो. छोट्या ग्रंथीत कर्करोग लपलेला असतो, तर मोठी ग्रंथी नुसती सुजलेली निघते. किरणोपचारानंतर उरलेला व्रण आणि उरलेली गाठ यांतला फरक ओळखणंही कठीण जातं.

आपल्याकडे या चुका जास्त महाग पडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचं सरासरी वय ४७च्या आसपास होतं. या वयात नको असलेले किरणोपचार प्रजननक्षमता आणि शौचावरचा ताबा हिरावू शकतात. हवे असलेले राहून गेले, तर आजार परततो. म्हणूनच सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र बसून ते चित्र पाहायला हवं.

स्कॅन कुठेही होवो, रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना जरूर विचारा: ‘आवरणापासून किती मिलिमीटर?’ पुढच्या उपचारांची दिशा बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरते.